करवतीचे दाते आणि कायद्याची मोजणी

पेडणे आणि डिचोली हे गोव्याच्या उत्तर भागातील दोन तालुके. पेडण्याच्या एका अंगाला तेरेखोलची नदी, दुसऱ्या अंगाला शापोऱ्याची. डिचोलीच्या मुलखातून वाळवंटी वाहते आणि मांडवीला जाऊन मिळते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रदेश सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगीज अमलाखाली गेला, पेडणे तर १७८८ साली; आणि म्हणून इतिहासात त्याची गणना ‘नव्या काबिजादीं’त होते. या प्रदेशाचा राजकीय इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. देवळांचा, उत्सवांचा, रणमाले-दशावतारासारख्या खेळांचाही लिहिला गेला आहे. परंतु ज्या हातांनी येथील घरांच्या तुळया कापल्या, दारांच्या चौकटी घडविल्या आणि होड्यांच्या फळ्या काढल्या, त्या हातांचा इतिहास कोणी फारसा लिहिलेला नाही. त्या इतिहासाचे एक प्रकरण दुःखाचे आहे. ते लाकूड कापण्याच्या गिरण्यांत तुटलेल्या बोटांचे आणि निकामी झालेल्या हातांचे प्रकरण होय.

यंत्र येण्यापूर्वी ओंडका चिरण्याची रीत साऱ्या कोकणपट्टीत सारखीच होती. सागवान असो, किंदळ असो, मत्ती असो वा अंगणातला जुना फणस असो, ओंडका उंच घोडीवर चढवावयाचा, त्यावर सुताने रेघ मारावयाची, आणि मग एक करवत्या वर व एक खाली उभा राहून लांब करवत ओढू लागावयाचा. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाई, वरच्याची कंबर मोडून येई. दिवसभर राबून चार फळ्या निघत. अपघात तेव्हाही होत. ओंडका घोडीवरून घसरे, कुऱ्हाड पायावर पडे, तासणी नडगीला लागे. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या करवतीला स्वतःची गती नव्हती. तिची गती माणसाच्या दंडात होती. माणसाने हात आवरला की करवत थांबे. जखम होई ती बहुधा भरून येणारी असे. हात गमावण्याचा प्रसंग विरळा.

यंत्राने हा संबंध पालटला. १७७७ साली इंग्लंडात सॅम्युअल मिलर याने गोल करवतीचा उल्लेख असलेले एकस्व घेतले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पोर्ट्समथच्या आरमारी गोदीत बेंथॅम आणि ब्रूनेल यांनी वाफेवर चालणाऱ्या करवतींनी जहाजांच्या कप्प्या बनविण्याचा कारखाना उभा केला. १८०८ साली विल्यम न्यूबेरी याने पट्टाकरवतीची कल्पना मांडली. परंतु पोलादी पट्टीची दोन टोके टिकाऊपणे जोडण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती. १८४६ साली क्रेपँ नावाच्या एका फ्रेंच बाईने ती जोडण्याची पद्धत शोधली आणि मग पट्टाकरवत व्यवहारात आली. या यंत्रांनी जगाची घरे, जहाजे आणि आगगाड्या घडविल्या. माणसाच्या दंडातली गती मात्र त्यांनी काढून घेतली आणि ती प्रथम वाफेच्या, नंतर तेलाच्या आणि शेवटी विजेच्या हवाली केली.

ती गती किती असते याचा साधा हिशोब करून पाहावा. ६० सेंटिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेवरचा दाता सेकंदाला सुमारे ४७ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १७० किलोमीटर वेगाने धावत असतो. चटका बसताच माणूस हात मागे घेतो, त्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो असे धरले, तरी तेवढ्या अवधीत ९ मीटरांहून अधिक लांबीची दात्यांची रांग त्या जागेवरून निघून गेलेली असते. सावधपणा हा चांगला गुण आहे. पण या वेगापुढे तो एकटा पुरा पडत नाही. ‘माणूस बेसावध होता’ हे वाक्य अशा प्रत्येक अपघातानंतर उच्चारले जाते. ते खरे असले तरी अपुरे असते. आठ-दहा तास कानठळ्या बसविणाऱ्या आवाजात आणि उडत्या भुशात उभ्या असलेल्या माणसाचे मन एखादा क्षण ढळणारच. तो क्षण गृहीत धरून यंत्राची रचना केली आहे की नाही, हाच खरा प्रश्न आहे.

गिरणीतले अपघात कसे होतात हेही ठरल्यासारखे असते. पहिला प्रकार शेवटच्या वितीचा. फळी पात्यापाशी सरत सरत येते आणि शेवटचा भाग रेटताना बोटे पात्याच्या पुढ्यात जातात. दुसरा प्रकार लाकूड उसळण्याचा. चिरलेल्या फळीच्या दोन फाकी मागच्या बाजूने आवळल्या जातात, पाते त्यांत अडकते, आणि फिरणारे दाते ती जड फळी उचलून कामगाराच्या पोटावर वा छातीवर फेकतात. तोल गेलेला हात नेमका पात्यावर येतो. तिसरा प्रकार गाठीचा किंवा जुन्या झाडात रुतलेल्या खिळ्याचा. चौथा प्रकार भुसा काढण्याचा. यंत्र थांबविले तर काम खोळंबते, म्हणून ते चालू असतानाच पात्याखालचा भुसा हाताने सारला जातो. यांखेरीज पट्टाकरवतीची पट्टी तुटून फटकारणे, इंजिनाच्या पट्ट्यात सदऱ्याची बाही गुंतणे आणि ओंडक्यांची रास ढासळून पाय चेचणे हे प्रकार आहेतच.

या प्रत्येकावर उपाय आहे, आणि तो जुना आहे. पात्यावर झाकणारी टोपी असावी. पात्याच्या मागे, त्याच्याच रेषेत, एक पोलादी पाचर उभी करावी. ती चिरलेल्या फाकी मिटू देत नाही, म्हणून लाकूड उसळत नाही. शेवटची वीत रेटण्यासाठी हातभर लांबीची एक खाचेची काठी असावी, म्हणजे पात्यापाशी जाईल ते लाकूड, बोट नव्हे. टेबलाखालचे पाते दोन्ही बाजूंनी झाकलेले असावे, आणि यंत्र बंद करण्याची कळ कामगाराच्या हाताशी असावी. इंग्लंडात १९२२ साली लाकूडकामाच्या यंत्रांसाठी जे नियम झाले, त्यांत यांतील टोपी, पाचर आणि काठी सक्तीची केली होती. भारतातील निरनिराळ्या राज्यांच्या कारखाना-नियमांतही पुढे तशीच कलमे आली. काठीला खर्च जवळजवळ नाहीच. ती गिरणीतल्याच टाकाऊ तुकड्यातून निघते. मग ती दिसत का नाही? याचे उत्तर यंत्रशास्त्रात नाही, ते कायद्याच्या इतिहासात आहे.

हा इतिहास मुंबईच्या कापडगिरण्यांपासून सुरू होतो, आणि त्याच्या आरंभी एका मराठी माणसाचे नाव आहे. हिंदुस्थानातील पहिला कारखाना-कायदा १८८१ साली झाला. धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावे असे त्यात सांगितले होते. परंतु ज्या जागी १०० किंवा त्याहून अधिक माणसे यांत्रिक शक्तीवर काम करीत असतील, तेवढ्याच जागेला तो लागू होता. तीन वर्षांनी, सप्टेंबर १८८४ मध्ये, ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी-कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळापुढे ठेवले. त्यातील रविवारच्या सुटीची मागणी सर्वांच्या स्मरणात आहे, कारण १८९० साली ती पदरात पडली. त्याच निवेदनातील दुसरी एक मागणी मात्र फारशी कोणाला आठवत नाही. काम करताना ज्याला जबर इजा होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अपंग होईल त्याच्या निर्वाहाची योग्य तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती. भारतातल्या कामगाराने आपल्या हातापायांसाठी सामुदायिकपणे मागितलेला हा अगदी आरंभीचा हक्क म्हणावा लागेल.

तो हक्क कायद्यात यावयास जवळजवळ ४० वर्षे लागली. दरम्यान युरोपात भरपाईचे कायदे होत गेले. खुद्द पोर्तुगालमध्ये, म्हणजे ज्या सत्तेखाली पेडणे-डिचोली होती तिच्या मायदेशी, कामावरील अपघातांसंबंधीचा कायदा जुलै १९१३ मध्ये झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्या काळी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी बसत होते. १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला हजर राहून आलेले हे गृहस्थ. या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. मालकाचा दोष सिद्ध करण्याची अट काढून टाकली. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, एवढे पुरेसे ठरले.

याच सुमारास कारखाना-कायद्याची संख्येची अट हळूहळू खाली येत होती. १८८१ साली १०० माणसे. १८९१ साली ५०, आणि प्रांतिक सरकारची इच्छा असल्यास २०. १९२२ साली २०. आणि स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कायद्याने, यांत्रिक शक्ती असेल तर १०. सदुसष्ट वर्षांत शंभरांचे दहा झाले. ही प्रगती खरीच. पण तिच्यामागची कल्पना बदलली नव्हती. कायदा प्रथम माणसे मोजत होता आणि मग यंत्राकडे पाहत होता. कापडगिरणीच्या बाबतीत हे चालून गेले, कारण तिथे शेकडो माणसे एका छपराखाली असतात. लाकूड कापण्याच्या गिरणीची गोष्ट निराळी आहे. एका पट्टाकरवतीला आणि एका गोल करवतीला पाच-सात माणसे पुरतात. एक पुढून लाकूड लावतो, एक मागून ओढतो, दोघेतिघे ओंडके लोटतात, एक दाते घासतो. संख्या दहाच्या आत, धोका मात्र शंभर माणसांच्या कारखान्याहून कमी नव्हे.

हे सारे कायदे पेडणे आणि डिचोलीच्या वेशीपर्यंत येऊन थांबले होते, कारण वेशीच्या अलीकडे राज्य दुसऱ्याचे होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतरच्या वर्षांत भारतीय कायदे क्रमाक्रमाने गोव्यास लागू करण्यात आले. त्यांत कारखान्यांचा आणि नुकसानभरपाईचा कायदाही आला. याच काळात वीज तालुक्यांच्या गावांतून खेड्यांकडे गेली. शाळा, दवाखाने, पंचायतघरे, नवी घरे उभी राहू लागली. प्रत्येक इमारतीला चौकटी हव्यात, खिडक्या हव्यात, छपराला वासे हवेत. हाताची करवत ही मागणी पुरी करू शकत नव्हती. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली विजेची करवत घरघरू लागली ती या गरजेतून. तुये आणि डिचोली येथे औद्योगिक वसाहती झाल्या. पुढे कोकण रेल्वे आली, आणि जानेवारी २०२३ मध्ये पेडणे तालुक्यातील मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. बांधकामाची लाट जसजशी वाढली तसतसे करवतीचे कामही वाढले.

डिचोली तालुक्यात तर एक विलक्षण विरोध पाहावयास मिळतो. हा तालुका लोहखनिजाचा. १९५० नंतर येथील डोंगर खणले जाऊ लागले आणि मुक्तीनंतर खाणींना १९५२चा खाण-कायदा लागू झाला. खाणीसाठी केंद्र सरकारचे स्वतंत्र सुरक्षा संचालनालय, त्याचे निरीक्षक, अपघाताची खबर देण्याची सक्ती. या व्यवस्थेतही उणिवा होत्या. परंतु खाणीत माणूस जबर जखमी झाला तर त्याची नोंद कोठेतरी व्हावी असा नियम तरी होता. त्याच खाणीच्या डोंगराखाली, सहा माणसांच्या लाकडाच्या गिरणीत एखाद्याची चार बोटे गेली, तर ती गोष्ट लिहून ठेवण्याची सक्ती असलेली वही कोणाकडेच नव्हती. कारण ती गिरणी कायद्याच्या अर्थाने कारखानाच नव्हती.

येथे ‘जबर इजा’ या शब्दाचा अर्थ पाहण्याजोगा आहे. भरपाईच्या कायद्याने त्याची व्याख्या नेमकी केली होती: ज्या इजेने हात वा पाय कायमचा निकामी होतो वा होण्याचा संभव असतो, दृष्टी वा श्रवण कायमचे जाते वा बिघडते, हातपाय मोडतो, किंवा माणसाला २० दिवसांहून अधिक काळ कामावर येता येत नाही, ती जबर इजा. अशी इजा झाल्यास ७ दिवसांच्या आत आयुक्तांकडे अहवाल पाठवावा असेही कलम होते. परंतु त्या कलमाचा आरंभच असा होता की, ज्या जागेतील अपघाताची सूचना देणे दुसऱ्या एखाद्या कायद्याने बंधनकारक आहे, त्या जागेच्या मालकाने हा अहवाल पाठवावा. म्हणजे कारखाना-कायद्याबाहेर असलेली गिरणी येथेही सुटली. आणि गंमत अशी की, भरपाई देण्याची जबाबदारी मात्र तिच्यावर होतीच! यांत्रिक शक्तीवर माल तयार होतो अशा जागेत जखमी झालेल्या कामगाराला भरपाई मागताना तिथे किती माणसे होती हे सिद्ध करावे लागत नसे. हक्क होता, त्या हक्काची खबर देणारी यंत्रणा नव्हती.

मग त्या हक्काची किंमत काय होती? १९२३च्या कायद्याला एक कोष्टक जोडलेले होते. त्यात उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची शक्ती शेकडा ७० गेली असे मानावे, डावा गेला तर ६०. अंगठ्याचे २५, तर्जनीचे १०, दुसऱ्या कोणत्याही बोटाचे ५. पुढे दुरुस्ती होऊन अंगठ्याचे ३० झाले, तर्जनीचे १४, मधल्या बोटाचे १२, अनामिका किंवा करंगळीचे ७, एका हाताच्या चारही बोटांचे ५० आणि मनगटापासून हाताचे ६०. महिना १०,००० रुपये मिळविणाऱ्या ३० वर्षांच्या कामगाराचा हिशोब २०२०च्या सुमारास असा होई: पगाराच्या शेकडा ६० म्हणजे ६,००० रुपये, त्याला त्या वयासाठी ठरविलेल्या २०७.९८ या अंकाने गुणावे, म्हणजे १२,४७,८८० रुपये. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. अंगठा गेला तर तिचे शेकडा ३०, म्हणजे ३,७४,३६४ रुपये. तर्जनी गेली तर सुमारे १,७४,७०० रुपये. ही रक्कम थोडी नव्हे. पण ती मिळते असे ज्याला ठाऊक नाही, तो दवाखान्याचे बिल आणि चार महिन्यांचा पगार यांवर समाधान मानून गावी जातो. आपला हक्क सोडून देण्याचा करार कायद्याने निरर्थक ठरविलेला होता, आणि ठेकेदाराने आणलेल्या मजुराची भरपाई मूळ मालकाकडून मागता येत होती. ज्याला हे वाचता येत नव्हते किंवा ज्याची भाषाच निराळी होती, त्याच्यासाठी ही कलमे असून नसल्यासारखीच होती.

कोष्टकाला आणखी एक मर्यादा आहे. ते बोट मोजते. त्या बोटाने कोणते काम होत होते हे पाहत नाही. कारकुनाची करंगळी आणि सुताराची करंगळी त्याला सारखीच. हा प्रश्न एकदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जुलै १९६८ मध्ये ओरिसातील एका सिनेमागृहात शोभेचे लाकूडकाम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. आयुक्तांनी त्याला पूर्ण अपंग मानून ९,८०० रुपयांची भरपाई ठरविली. मालकाचे म्हणणे असे की, एकच हात गेला आहे, तेव्हा अपंगत्व अंशतःच समजावे. डिसेंबर १९७५ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला. सुतारकाम एका हाताने करता येत नाही. म्हणून ज्या कामासाठी हा माणूस लायक होता त्या कामापुरते त्याचे अपंगत्व पूर्णच आहे. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, मालकाने ती अडवून ठेवू नये, हेही न्यायालयाने त्याच निर्णयात सांगितले. लाकडावर पोट असलेल्या प्रत्येक माणसाच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा आहे.

कामगाराच्या विरुद्ध जाऊ शकेल असे एक कलमही त्या कायद्यात होते. यंत्रावरचे संरक्षण त्याने जाणूनबुजून काढले किंवा सुरक्षेचा नियम हेतुतः मोडला आणि त्यामुळे इजा झाली, तर मालक भरपाई नाकारू शकत असे. मात्र मृत्यू आला असेल तर नाही, आणि पुढील दुरुस्तीनंतर पूर्ण अपंगत्व आले असेल तरीही नाही. कलम वाजवी दिसते. परंतु टोपी काढली कोणी आणि कशासाठी, हा प्रश्न मागे उरतोच. जाड ओंडका टोपीखालून जात नाही. ठरलेल्या वेळात ठरलेल्या घनफुटांचे काम उरकावयाचे असते. म्हणून टोपी उतरते, आणि एकदा उतरली की ती कोपऱ्यात गंजत पडते. ती काढलेली मालकाने रोज पाहिली आणि काही म्हटले नाही, तर त्याला कामगाराचा हेतुतः केलेला अवमान कसे म्हणावे? म्हणूनच १९४८च्या कारखाना-कायद्याने धोक्याच्या भागांवरचे संरक्षण यंत्र चालू असेतो जागच्या जागी ठेवण्याचा भार कामगारावर नव्हे, तर कारखाना चालविणाऱ्यावर टाकला होता.

शस्त्रक्रियेच्या शास्त्राने या काळात मोठी मजल मारली. जानेवारी १९६३ मध्ये शांघाय येथे चेन झोंगवेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कामगाराचा यंत्राने तुटलेला हात पुन्हा जोडला. जुलै १९६५ मध्ये जपानातील नारा येथे कोमात्सु आणि तामाई यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने रक्तवाहिन्या शिवून पूर्ण तुटलेला अंगठा जोडला. तेव्हापासून तुटलेले बोट म्हणजे गेलेलेच बोट असे राहिले नाही. पण त्याला वेळेचे आणि रीतीचे बंधन आहे. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळावा, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात घालू नये, त्याने त्यातील पेशी मरतात. जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा आणि हात उंच धरावा. असे गार ठेवलेले बोट कित्येक तास टिकते. मनगटावरचा भाग मांसल असल्याने गार न ठेवल्यास त्याला सुमारे सहाच तासांची मुदत असते. पेडणे-डिचोलीच्या माणसाला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. १८४२ साली पणजीत स्थापन झालेल्या वैद्यकशाळेचे १९६३ नंतरचे हे रूप. नद्यांवर पूल झाले, रस्ते रुंद झाले. अंतर आता तासा-दीड तासाचे आहे. तेव्हा बोट वाचणे न वाचणे हे पुष्कळदा पहिल्या दहा मिनिटांत गिरणीत कोणाला काय ठाऊक आहे, यावर अवलंबून असते. ही चार वाक्ये भिंतीवर मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत लिहून लावण्यास कोणत्याही कायद्याची आवश्यकता नाही.

या साऱ्या काळात सरकारचे लक्ष लाकडाच्या गिरण्यांकडे मुळीच नव्हते असे नाही. ते होते, पण लाकडाकडे होते. वनखात्याला ओंडका कोठून आला हे ठाऊक असावे लागते. त्यासाठी परवाने, वाहतुकीचे पास आणि ओंडक्यांवरचे हातोड्याचे ठसे ही व्यवस्था फार जुनी आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशाने केंद्राच्या पूर्वसंमतीविना वनक्षेत्रात चालणाऱ्या गिरण्या बंद झाल्या, आणि पुढे ऑक्टोबर २००२ मध्ये न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीच्या संमतीविना नव्या गिरण्यांना परवानगी देण्यास राज्यांना मनाई झाली. वनरक्षणाच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. त्याचा परिणाम असा झाला की, गिरणी कितीही लहान असो, पाच माणसांची असो वा तीन, तिला परवाना हवा, आणि आलेल्या-गेलेल्या लाकडाचा हिशोब हवा. म्हणजे माणसांची संख्या न पाहता प्रत्येक गिरणीपर्यंत पोहोचणे सरकारला अशक्य नाही, हे या व्यवस्थेनेच दाखवून दिले आहे. सागवानाच्या तुकड्यासाठी जे साधले, ते कामगाराच्या बोटांसाठी का साधू नये?

हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा अधिक निकडीचा झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता देशात लागू झाल्या. १९४८चा कारखाना-कायदा, १९५२चा खाण-कायदा आणि १९२३चा भरपाईचा कायदा हे तिन्ही त्यांत विलीन झाले. नव्या संहितेत यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या ‘कारखान्या’ची मर्यादा १० वरून २० माणसांवर गेली आहे; म्हणजे १९२२ साली जी संख्या होती तिथे. सुरक्षेच्या सामान्य कर्तव्यांसाठी १० माणसांची आस्थापना धरली जाते, आणि ज्या कामात जिवाला धोका आहे अशी कामे केंद्र सरकारने अधिसूचनेने जाहीर केल्यास त्यांना ही संख्येची अटही न लावण्याची सोय संहितेत आहे. ही सोय लाकूड कापण्याच्या गिरण्यांना जितकी लागू पडावी तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला लागू पडेल. जुन्या कायद्यातही ८५व्या कलमाने राज्य सरकारला असाच अधिकार दिला होता, की कोणतीही लहान जागा कारखाना म्हणून जाहीर करावी. अधिकार कागदावर असणे आणि तो वापरला जाणे यांत किती अंतर असते, हे इतिहासाने पुरेसे शिकविले आहे.

१८८४ साली मुंबईच्या गिरणी-कामगारांनी जे मागितले त्यात संख्येचा प्रश्नच नव्हता. काम करताना जो अपंग होईल त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, एवढेच ते म्हणत होते. तो शंभरांतला एक आहे की पाचांतला, असा भेद त्यांनी केला नव्हता. कायद्याने तो भेद केला, पुढे तो कमी केला आणि आता पुन्हा वाढविला. पेडण्यात किंवा डिचोलीत उद्या सकाळी करवत सुरू होईल तेव्हा तिच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला या वाढघटीची कल्पना असणार नाही. त्याच्या गरजा थोड्या आहेत. पात्यावर टोपी, मागे पाचर, हातात काठी, भिंतीवर चार ओळी आणि दुर्दैवाने काही घडलेच तर ते लिहून घेणारी एक वही. ओंडक्यांची वही त्या गिरणीत आजही आहे. तिच्या शेजारी ही दुसरी वही ठेवावयास फारशी जागा लागणार नाही.